भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा: कमी पैशात, पण कामाचा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळं झालं आणि दहा मिनिटांत आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांवरची टिनं उडाली. विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यातलं, घाटंजी तालुक्यातलं गाव. एक टीन समोरच्या कडुलिंबात अडकलं, दोन थेट वावरात जाऊन पडली. गादी, आलमारीतले कपडे, टीव्ही, लेकीची पुस्तकं, कोठीतले गहू, सगळं भिजलं. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. घरमालक काकाजींचं नाव, किती टिनं गेली, भिंतीला तडा किती, सगळं कागदावर उतरलं. मी विचारलं, "आमच्या सामानाचं काय?" काकाजी ओशाळले. म्हणाले, "मॅडम, घर माझ्या नावावर आहे न. तुमचं नाव याच्यात कसं येईल?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. घराच्या पडझडीची मदत घराच्या मालकाला मिळते. सामानासाठी मदत असतेच, पण आपत्ती मदतीच्या केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० रुपये आणि भांडी-घरसामानासाठी २,५०० रुपये एवढीच तरतूद होती. तीही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा बराच काळ पाण्याखाली राहिलं तर. आमची एक गादीच त्याहून महाग होती.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, लाईनमन, वनरक्षक, बँकेतले नवे कर्मचारी, तालुक्याच्या गावी मुलांना शिकवायला खोली करून राहणारी कुटुंबं, असे आपण खूप जण भाड्यानं राहतो आणि विमा हा घरमालकाचा विषय आहे असं धरून चालतो. घर मालकाचं असलं तरी सामान आपलंच असतं, आणि फक्त सामानाचा विमा भाडेकरूला स्वतःच्या नावानं घेता येतो. त्या मे महिन्यानंतर मी तो घेतला. पहिल्या वर्षी नको त्या गोष्टींचे पैसे भरले आणि हव्या त्या गोष्टीचं संरक्षण घ्यायचं राहून गेलं. पुढं जे लिहिलंय ते तुमचं तसं होऊ नये म्हणून.

आधी घरातल्या सामानाची यादी

एजंटला फोन करायच्या आधी वही घ्या. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण हप्ता कमी-जास्त होतो तो इथंच. एजंट साधारण "पाच लाखांचं करून टाकू" म्हणतो, आपणही हो म्हणतो. आपल्या घरात पाच लाखांचं सामान आहे का, हे कोणी मोजलेलं नसतं.

एकेका खोलीत उभं राहून लिहा. ती वस्तू आज दुकानात नवी घ्यायला किती लागतील तो आकडा समोर मांडा. दहा वर्षांपूर्वी घेतलेला कूलर तेव्हा किती रुपयांना आला, ते इथं कामाचं नाही. माझी यादी अशी निघाली: फ्रीज १६,०००, कूलर ७,०००, टीव्ही १८,०००, वॉशिंग मशीन १४,०००, लोखंडी आलमारी ९,०००, दिवाण आणि गाद्या १५,०००, भांडी १५,०००, मिक्सर आणि शेगडी ७,०००, कपडे आणि अंथरुण-पांघरुण ४०,०००, इन्व्हर्टर-बॅटरी २०,०००, पुस्तकं आणि लेकीची सायकल १०,०००, लॅपटॉप ३५,०००, टेबलफॅन आणि पाण्याचा फिल्टर ४,०००. बेरीज २,१०,०००. कपडे-पांघरुणांचा आकडा बघून मीच चकित झाले. घरातल्या चार माणसांच्या साड्या, स्वेटर, ब्लँकेट, शाळेचे गणवेश एकेक करून धरले की तेवढे होतात, आणि सगळ्यांत आधी भिजतात तेही तेच.

आता खोडायचं काम. घरमालकानं दिलेले पंखे, लाकडी पलंग, भिंतीतली मांडणी खोडा, ते त्यांचं आहे. दुचाकी खोडा, तिचा विमा वेगळा असतो. रोख रक्कम आणि कागदपत्रं घरसामानाच्या विम्यात साधारणपणे धरत नाहीत, त्यामुळे तीही यादीत नकोत. शाळेनं किंवा कार्यालयानं दिलेला टॅबलेट तुमचा नाही, तो पण काढा.

सोन्याचं स्वतंत्र बघावं लागतं. दागिने "मौल्यवान वस्तू" या वेगळ्या, ऐच्छिक भागात येतात, त्यांची किंमत कंपनीबरोबर आधी ठरवून घ्यावी लागते आणि त्याचा हप्ता वेगळा लागतो. आपल्याकडं बायकांचं सोनं बहुतेक वेळा माहेरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असतं. जे भाड्याच्या घरात ठेवतच नाही, त्याचा इथं हप्ता कशाला भरायचा? रोजचं मंगळसूत्र आणि कानातलं एवढंच घरात असेल तर मी तरी हा भाग घेणार नाही.

कोणती पॉलिसी मागायची

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयनं "भारत गृह रक्षा" नावाची एक साचेबंद पॉलिसी आणली. अग्निविमा विकणाऱ्या सगळ्या सामान्य विमा कंपन्यांनी ती द्यायचीच असा नियम तेव्हा झाला, आणि मूळ अटी सगळीकडं सारख्या असतात. भाडेकरूसाठी हे फार सोयीचं आहे: शब्द सारखेच असल्यामुळे फक्त हप्ता बघून तुलना करता येते. अर्ज करताना नीट सांगायचं, "घर नको, फक्त घरातल्या सामानाचं पाहिजे, मी भाडेकरू आहे." हे वाक्य बोलला नाहीत तर फॉर्मवर इमारतीची रक्कम पण चढते, आणि दुसऱ्याच्या घराच्या विम्याचे पैसे तुम्ही भरता.

यात आग, वीज पडणं, स्फोट, वादळ, पूर आणि पाणी शिरणं, भूकंप, जमीन खचणं, झाड किंवा भिंत घरावर पडून झालेलं नुकसान, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाईप फुटणं हे सगळं येतं. आपल्या भागात हे शब्द पुस्तकी नाहीत. १९९१ मध्ये वर्धा नदीनं मोवाड हे गाव बुडवलं. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुरानं भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरची गावं पाण्यात गेली. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावरच्या लोकांसाठी हवाई दलाला यावं लागलं. नदीकाठी नसलात तरी मे-जूनचं वादळ आणि विजा कोणालाच सोडत नाहीत.

या पॉलिसीची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते: कमी रकमेचा विमा काढला म्हणून यात भरपाई कापत नाहीत. जुन्या पद्धतीच्या पॅकेज पॉलिसीत (आग, चोरी वगैरे सगळं एकत्र असलेल्या) तसं कापतात. म्हणजे चार लाखांच्या सामानाचा दोन लाखांचाच विमा काढला आणि एक लाखाचं नुकसान झालं, तर तुम्ही निम्म्याच सामानाचा हप्ता भरला असं धरून ५०,००० च देतात. याला सरासरीची अट म्हणतात. भारत गृह रक्षेत ही अट नाही, फक्त भरपाई काढलेल्या रकमेच्या वर जात नाही. म्हणून पॅकेज घेत असाल तर "रक्कम कमी लिहा, हप्ता वाचेल" हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका.

चोरीचं मात्र वेगळं

मी फसले ती जागा हीच. भारत गृह रक्षेच्या मूळ पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. पूर, आग अशी विम्यातली घटना घडली आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत त्या गोंधळात चोरी झाली, तरच ती धरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही गावी गेलात आणि मागून कुलूप तोडलं, तर मूळ पॉलिसीत काही मिळणार नाही.

घरफोडीचं संरक्षण जोडीला किंवा पॅकेजमध्ये वेगळं घ्यावं लागतं. आमच्यासारख्या नोकरदारांची घरं दिवाळीत आणि मे महिन्यात हमखास बंद असतात, गावाला ते माहीतही असतं. त्यामुळे हा जादा हप्ता मला पटतो. पण तीन गोष्टी विचारून घ्या. एक, कुलूप, कडी, खिडकी तोडल्याची खूण लागते का? बहुतेक ठिकाणी लागते. उघड्या दारातून मोबाईल नेला तर घरफोडी धरत नाहीत. दोन, घर सलग किती दिवस बंद असलं तर संरक्षण थांबतं? अनेक पॉलिसींत ही मर्यादा ३० दिवसांची असते, आणि शिक्षकांची उन्हाळी सुट्टी त्याहून मोठी असते. अशा वेळी मधे एकदा येऊन राहून जा किंवा आधी कंपनीला लेखी कळवा. तीन, "फर्स्ट लॉस" पद्धतीनं मिळेल का? म्हणजे पूर्ण घर कोणी उचलून नेत नाही, चोर हाताला लागेल तेवढंच नेतो, असं धरून एकूण किमतीच्या ठराविक हिश्श्यापुरतंच, उदाहरणार्थ २५ टक्क्यांपुरतं, चोरीचं संरक्षण घ्यायचं. २,१०,००० च्या २५ टक्के म्हणजे ५२,५००. दिवाण, आलमारी, फ्रीज घेऊन चोर पळत नाही. हप्ता खरा वाचतो तो इथं.

वोल्टेजनं जळालं तर

यावर थोडं थांबते, कारण गावात सगळ्यात जास्त वस्तू जळतात त्या यानंच. डीपीवर काहीतरी होतं, एक फेज जातो, वोल्टेज उसळतं आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर बसतो. शेजारच्या सिस्टरांचा फ्रीज असाच गेला. विजांचा कडकडाट चालू असतानाच गेला, म्हणून त्यांना वाटलं "वीज पडणं" यात बसेल. कंपनीनं नाकारलं. त्या खूप चिडल्या, मीही. मग आम्ही दोघींनी पॉलिसी उघडून वाचली. अटीत सरळ लिहिलेलं होतं: शॉर्टसर्किट, विजेचा जादा दाब, विजेची गळती यामुळे त्याच विद्युत उपकरणाचं झालेलं नुकसान वगळलं आहे, आणि पुढं कंसात, आकाशातली वीज कारण असली तरी. मात्र त्या फ्रीजमधून आग लागली आणि शेजारची आलमारी, पडदे, गाद्या जळाल्या, तर आलमारी, पडदे, गाद्यांची भरपाई मिळते. वगळलेली असते ती फक्त मूळ वस्तू.

उपकरण बिघाडाचं वेगळं संरक्षण मिळतं, पण जुन्या फ्रीज-टीव्हीसाठी त्याचा हप्ता मला परवडत नाही असं वाटलं. त्या पैशात मी फ्रीजला स्टॅबिलायझर घेतला, घरमालकाला सांगून अर्थिंग करून घेतलं आणि एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप बंद पडणारा स्विच, बसवला. वादळाची चिन्हं दिसली की टीव्हीची केबल आणि इन्व्हर्टरची पिन काढून ठेवते. नवा, महागडा टीव्ही किंवा लॅपटॉप असेल तर उपकरणाचं संरक्षण घ्यायचा विचार करा, पण आधी दुकानातली वॉरंटी किती शिल्लक आहे ते बघा. वॉरंटीत असलेल्या वस्तूसाठी बिघाडाचा दुसरा हप्ता भरू नका.

गळकं छत हाही असाच मुद्दा आहे. वादळानं कवेलू (कौलं) उडाले आणि पाऊस आत आला, तर ते वादळाचं नुकसान. पण दरवर्षी शाकारायचं राहिलेल्या कवेलूतून थेंब थेंब पाणी गळून आलमारीचा तळ गंजला, तर ती झीज आणि दुर्लक्ष, त्याला भरपाई नाही. भाड्याचा करार करतानाच पावसाळ्याआधी छत कोण दुरुस्त करणार ते लिहून घ्या. फुकटात मिळणारं हे सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

हप्ता कसा काढतात

सामानाच्या किमतीवर दरहजारी दर लावतात, वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, घरसामानाच्या विम्यावरचा मात्र राहिला. एजंट "आता जीएसटी नाही" म्हणाला तर ते आरोग्य विम्याचं आहे, हे लक्षात ठेवा.

केवळ हिशोब कळावा म्हणून हजारी एक रुपया दर धरू. २,१०,००० वर २१० रुपये, १८ टक्क्यांनी ३७ रुपये ८० पैसे, एकूण २४७ रुपये ८० पैसे. याच दरानं डोळे झाकून पाच लाखांची पॉलिसी काढली असती तर ५०० अधिक ९०, म्हणजे ५९० रुपये. प्रत्येक कंपनीचा दर वेगळा, चोरीचा दर वेगळा, पण बेरजेची पद्धत हीच. कंपनीकडून आलेलं कोटेशन या रीतीनं उलटं मोडून बघा: मूळ हप्ता भागिले सामानाची रक्कम, गुणिले हजार. दर हाती आला की दोन कंपन्यांची तुलना एका मिनिटात होते.

आणखी एक विचारा: तुमच्याकडं किमान हप्ता किती? लहान रकमेच्या पॉलिसीला कंपन्या एक तळाची रक्कम लावतात. तुमचा हिशोब त्या तळाच्या खाली येत असेल, तर तेवढ्याच पैशात रक्कम दोनाची अडीच लाख करून मिळू शकते. तिथं रक्कम कमी करून काही वाचत नाही, उलट नुकसानच होतं.

खरं सांगायचं तर साध्या भाडेकरूच्या सामानाचा वर्षाचा हप्ता शेकड्यांत, चोरी वगैरे जोडून फार तर एक-दोन हजारांत बसतो. त्यामुळे दरातल्या दहा-वीस रुपयांसाठी चार दिवस घालवू नका. पैसे जातात ते नको असलेल्या जोडांमध्ये, म्हणजे मूळ पॉलिसीवर वेगळ्या घेतलेल्या जादा संरक्षणांमध्ये.

पैसे कुठं कुठं वाचतात

अपघात विम्याचा जोड. भारत गृह रक्षेत पॉलिसीधारक आणि जोडीदारासाठी प्रत्येकी पाच लाखांचा अपघाती मृत्यूचा ऐच्छिक भाग असतो, पण मृत्यू त्या विम्यातल्या घटनेतच व्हायला हवा. त्याआधी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का बघा: वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वर्षं वयाला, कोणत्याही अपघाती मृत्यूला दोन लाख. रस्त्यावरचे अपघात, विहीर, साप, वीज, गावातला माणूस या कारणांनी जास्त जातो. पासबुकावर २० रुपयांची कपात दिसत नसेल तर उद्याच बँकेत जा.

स्वतःचा वाटा वाढवणं. पहिले काही हजार रुपये नुकसान मी सोसेन असं लिहून दिलं तर काही कंपन्या हप्ता कमी करतात. दोन हजारांची चादर भिजली म्हणून कोणी क्लेम करत नाही, तर मग हा वाटा लिहून द्यायला हरकत नाही. पाच हजारांच्या वर मात्र मी जाणार नाही.

जास्त वर्षांची पॉलिसी. भारत गृह रक्षा दहा वर्षांपर्यंत मिळते आणि एकदम भरल्यावर सूट असते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ती चांगली. बदलीच्या नोकरीवाल्यांनी मात्र एकच वर्षाची घ्यावी असं माझं मत आहे. २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार वर्षाची पॉलिसी, क्लेम झालेला नसेल तर, कधीही रद्द करून उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मागता येतो.

सरळ कंपनीकडून. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांपैकी एकीच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाखेत एकदा जाऊन बसा, आणि दोन खासगी कंपन्यांचा ऑनलाईन दर काढा. तिघांना एकच यादी, एकच रक्कम, एकच जोड सांगा. एजंट चांगला असेल तर तो क्लेमच्या वेळी धावून येतो, त्याची किंमत मी नाकारत नाही. पण त्यानं दिलेला दर या तुलनेत ठेवून बघाच.

बँकेत खातं उघडताना किंवा कर्ज घेताना काउंटरवर घरसामानाचा विमा चिकटवला जातो. नवी पॉलिसी घेण्याआधी तुमच्या खात्यातून असं काही कापलं जातंय का, ते स्टेटमेंट बघून खात्री करा. एकाच सामानाच्या दोन पॉलिसी असल्या तरी नुकसानाएवढेच पैसे मिळतात, दुप्पट नाही.

गॅसचा विमा, जो आधीच तुमच्याकडं आहे

हे भाडेकरूंना कोणी सांगत नाही. तेल कंपन्यांच्या नोंदणीकृत एलपीजी ग्राहकाला सिलिंडरच्या अपघातासाठी विमा संरक्षण असतंच, वेगळा हप्ता लागत नाही: मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख, उपचारासाठी माणशी दोन लाखांपर्यंत, आणि मालमत्तेचं नुकसान एका घटनेला दोन लाखांपर्यंत. पण मालमत्तेची भरपाई नोंदणीच्या पत्त्यावर झालेल्या नुकसानालाच मिळते. आपलं कार्ड सासरच्या किंवा मागच्या गावच्या पत्त्यावर, आणि सिलिंडर इथल्या खोलीत. दुकानातून काळ्यात घेतलेला सिलिंडर असेल तर विषयच संपला.

म्हणून पहिल्या आठवड्यात भाडेकरार आणि आधार घेऊन गॅस एजन्सीत जा आणि जोडणी नव्या पत्त्यावर करून घ्या. जाता जाता रबरी नळीवरची तारीख बघा, संपली असेल तर बदला.

फॉर्म भरताना खरं लिहा

घर कशाचं आहे हे विचारतात. गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छत असेल तर कच्चं घर धरतात. दर वाढतो किंवा कंपनी नाही म्हणते. टिनाचं किंवा कवेलूचं छत असेल तर तसंच लिहा, "स्लॅब" लिहायचा मोह नको. एजंट घाईत लिहून टाकतो, सही आपली असते.

दुसरं आपल्याकडचं खास. दिवाळीपासून पुढं भाव वाढायची वाट बघत घरमालक बाजूच्या खोलीत कापूस भरतात. छतापर्यंत कापूस, मधे एक पडदी भिंत, आणि पलीकडं आपली शेगडी. कापसाला ठिणगी पुरते. हे कंपनीला न सांगता पॉलिसी घेतली आणि आग लागली तर वादाला तोंड फुटतं. सांगा, फॉर्मवर लिहा. काकाजींशीही बोला: कापूस भरायचाच असेल तर शेगडीच्या भिंतीपासून लांब, आणि त्या खोलीत वायरिंगचे उघडे जोड नकोत. आणि हो, तुमच्या स्वतःच्या शेतातला कापूस, तूर, सोयाबीन घरात ठेवलं असेल तर ते घरसामान नाही, या पॉलिसीत बसत नाही. घरात शिवणकाम, मेस, पार्लर चालत असेल तर त्याच्या मशीन-मालाबद्दल वेगळं विचारा.

बिलं आणि फोटो

दर वर्षी १ जूनच्या आसपास मी मोबाईलवर घराचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढते. प्रत्येक आलमारी उघडून, फ्रीजच्या मागच्या पट्टीवरचा नंबर जवळून दाखवत. तो बहिणीला पाठवून ठेवते, म्हणजे माझा मोबाईल भिजला तरी तिच्याकडं राहतो. बिलांचे फोटो त्याच्यासोबत. तालुक्याच्या दुकानात कच्चं बिल देतात. वस्तू घेताना जीएसटीचं पक्कं बिल मागा. जुनं बिल नसेल तर हप्त्यानं घेतल्याचा कागद, ऑनलाईन पैसे भरल्याची नोंद, वॉरंटी कार्ड हेही चालू शकतं. सासूबाईंच्या भांड्यांना बिल कुठून आणणार? भांड्यांचा फोटो तरी काढून ठेवा.

नुकसान झाल्यावर, त्याच दिवशी

आधी माणसं आणि मेन स्विच. मग आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढा. कंपनीच्या नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा. आग असेल तर पोलीस आणि अग्निशमनची नोंद, चोरी असेल तर एफआयआर, वादळ-पूर असेल तर तलाठ्यांचा पंचनामा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पंचनाम्यात भाडेकरू म्हणून तुमचं नाव आणि सामानाची ठळक यादी लिहायची विनंती करा. त्या मे महिन्यात मी हे केलं असतं तर निदान कागद हाती राहिला असता.

भिजलेल्या गाद्या, जळालेला टीव्ही उकिरड्यावर टाकायची घाई करू नका, सर्व्हेअर (नुकसान मोजायला नेमलेला माणूस) येईपर्यंत ठेवा. वाचवता येईल ते मात्र वाचवा: कपडे वाळवा, धान्य पसरा, उरलेलं सुधारण्याची जबाबदारी आपलीच असते. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यावर सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीनं त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तारखा वहीत लिहून ठेवा, फोनवर त्याच तारखा वाचून दाखवा.

कंपनीनं नाकारलं तर लेखी कारण मागा. पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडं जा, मग नियामकाचं तक्रारींसाठीचं बिमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल फ्री नंबर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर मान्य नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं अर्ज करता येतो. विदर्भासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात.

बदली झाली की

पॉलिसी सामानाची असली तरी ती त्या पत्त्यावरच्या सामानाची असते. नव्या गावात सामान पोचलं आणि पॉलिसीवर जुनाच पत्ता असला, तर नव्या घरातलं नुकसान कोणत्या आधारावर मागणार? बदलीची ऑर्डर हाती आली की कंपनीला ईमेल करून पत्ता बदलाची एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, मागा. घराचा प्रकार बदलत असेल, टिनाचं जाऊन स्लॅबचं येत असेल, तर हप्ता कमी होतो का तेही विचारा. टेम्पोतल्या प्रवासात झालेलं नुकसान या पॉलिसीत धरलेलं नसतं, त्यामुळे टीव्ही आणि फ्रीजचे मूळ खोके माळ्यावर जपून ठेवा.

मागच्या जूनमध्ये माझी बदली झाली. टेम्पो दारात उभा होता, काकाजी दोरी आवळत होते आणि मी ओट्यावर बसून एन्डोर्समेंटचा ईमेल उघडत होते. त्यात नवीन गावाचं नाव चुकीचं टाईप झालं होतं. तिथूनच फोन लावला, दुरुस्त करून घेतलं, आणि मग टेम्पोत बसले.